शेजारच्या सीटचं वजन

तुझं वजन किती गं हल्ली, असं बाबांनी त्या सकाळी विचारलं तेव्हा ती टोस्टला लोणी लावत होती, आणि तिला वाटलं, झालं, आता लोण्यावरून बोलणी बसणार. बाबा दारात उभे होते, एक पाय बुटात आणि एक नुसत्या मोज्यात. ते नेहमी असेच निघायचे, अर्धे घरात आणि अर्धे वर्कशॉपमध्ये, आणि दुसरा बूट पायात जाईपर्यंत त्यांना काही ना काही आठवायचं. बायकांना असं विचारतात का, ती म्हणाली. मी बाईला कुठं विचारतोय, काट्याला विचारतोय, बाबा म्हणाले. काटा हे तिचं वर्कशॉपमधलं नाव. लहानपणी पडलेलं, आणि आता चाळिशी दिसायला लागली तरी चिकटून राहिलेलं. तिनं लोण्याची सुरी खाली ठेवली आणि पंचावन्न म्हणून सांगितलं. खरं एकसष्ट होतं. मधले सहा किलो तिनं पापणीही न हलवता गिळून टाकले. बाबांनी तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, सपाट फरशीवर उभ्या केलेल्या गाडीकडे बघावं तसं, आणि म्हणाले, बरं, पंचावन्न. मग दुसरा बूट चढवला. जिना उतरता उतरता त्यांनी, संध्याकाळी फेरी मारू, असं सांगितलं आणि ती आतूनच हो म्हणाली. चहा निवला होता, तो तिनं तसाच प्यायला.

पुढे किती तरी दिवस ती या सकाळकडे परत परत जात राहिली, हरवलेली किल्ली शोधायला तेच तेच खिसे चाचपावेत तशी. त्या सकाळी वेगळं काहीच घडलं नव्हतं, हेच तिला खुपत होतं. ती दिवसभर ऑफिसात मुद्रितं तपासत बसली होती. एका जाडजूड पुस्तकाची सूची, जिच्यातले पानांचे आकडे सगळे एकेका पानानं पुढे सरकलेले. दुपारी वर्कशॉपमधून फोरमनकाकांचा फोन आला. फोरमनकाका कधी फोन करत नसत, कामाच्या गोष्टी फोनवर बोलल्या की गाडी रुसते असा त्यांचा समज होता. ताई, जरा या, एवढंच ते म्हणाले, आणि त्या जरावरून तिला कळलं. बाबा पुढच्या चाकापाशी बुटक्या स्टुलावर बसलेले होते. पाठ मागच्या खांबाला टेकलेली. पाना त्याच्या जागी, फळीवर रंगवलेल्या पान्याच्या आकारात नीट टांगलेला. हात पुसून फडकं मांडीवर घडी करून ठेवलेलं. काम संपवल्यावर बसायचे तसेच ते बसलेले होते, म्हणून कुणाच्या लवकर लक्षात आलं नाही.

डॉक्टर तरुण होता आणि दमलेला होता. मेंदूत रक्तस्राव झाल्याचं त्यानं सांगितलं, शब्द साधे वापरले, आणि मग कागदावर सही करता करता, मान वर न करता म्हणाला की हे दर वेळी एकदमच होतं असं नाही. आधी काही तरी दिसतं. हाताची चूक, बोलण्यात अडखळणं, तोल. घरच्यांच्या लक्षात येतं बहुतेक. तो तिला काही म्हणत नव्हता, ते तिलाही कळत होतं. तो फक्त सांगत होता. पण ते वाक्य तिच्या अंगात शिरलं ते शिरलंच, बारीक कुसळ शिरावं तसं. दिसत नाही, काढता येत नाही, आणि बोट त्या बाजूला गेलं की टोचतं.

बाबांचं काम म्हणजे गाड्या वळवणं. लोक त्यांना मेकॅनिक म्हणत तेव्हा ते त्यांची चूक सुधारत नसत, पण इंजिनाला ते शक्यतो हात लावत नसत. सरळ तर कुठलीही गाडी जाते, ते म्हणायचे, वळणावर कळतं कोण कसं वाढलंय ते. त्यांच्याकडे यायची ती बसकी, चार दारांची, रुबाबदार गाड्यांची गिऱ्हाइकं. वेग पुष्कळ, पण वळणावर अंग टाकणाऱ्या, नाक बाहेर काढणाऱ्या गाड्या. बाबा आधी टायर बघायचे. गाडी रस्त्याला धरते ती चार तळहातांनी, असं ते प्रत्येकाला सांगायचे आणि स्वतःचा तळहात पुढे करायचे, एवढ्याच जागेनं. तो तळहात कमजोर असला तर वरचे सगळे लाड फुकट. मग कडक कडांचे, रस्त्याला घट्ट धरणारे टायर, मग स्प्रिंगा, शॉकअप, मागचा आडवा दांडा, चाकांचा कल, आणि सगळ्यांत शेवटी ते आवडतं, दारं लावून करायचं काम: गाडी चार वजनकाट्यांवर चढवायची, चालवणाऱ्याच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी वाळूची गोणी ठेवायची, आणि प्रत्येक चाकावर किती भार येतो ते बघत बघत स्प्रिंगांच्या बैठका केसाकेसानं वरखाली करायच्या. माणूस बसल्याशिवाय गाडी पुरी होत नाही, बाबा म्हणायचे. रिकाम्या गाडीची सेटिंग करणं म्हणजे खुंटीवरच्या सदऱ्याचं माप घेणं. पण अख्खी गाडी नीट जमली तरी ते गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत, ती शाळेतून येईपर्यंत. मग तिला शेजारच्या सीटवर बसवायचे, टेकडीवरच्या पाणीसाठ्याच्या रस्त्याला न्यायचे, आणि जोडवळण पार झालं की विचारायचे, काय वाटलं?

ते जोडवळण तिच्या लहानपणात घरापेक्षाही ठळक आहे. आधी उजवं, लगेच डावं, मध्ये श्वास घ्यायला जेमतेम सरळ तुकडा. आई गेल्यावर तिला शाळेनंतर ठेवायला कुणी नव्हतं. दादा मोठा होता, त्याचे मित्र होते, तो कुठंही राहायचा. ती शेजारच्या काकूंकडे बसायची, फुलांच्या अभ्र्याच्या सोफ्यावर, पाय खाली सोडायचे नाहीत, कपाट उघडायचं नाही, अशा सूचनांमध्ये. मग एके दिवशी बाबा तिला बरोबर घेऊन गेले. काचेबाहेरचं दिसावं म्हणून बुडाखाली उशी दिली. उजवं वळण आलं, गाडी कलली, सगळं जग एका बाजूला ओतलं गेलं आणि तिनं डोळे घट्ट मिटले. काय वाटलं, बाबांनी विचारलं, सहज, बोलायचं म्हणून. डोळे मिटलेलेच होते, पोटात गोळा होता, आणि तो गोळा जिकडं ओढत होता तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं: पुढचं पळतंय. बाबांनी गाडी कडेला घेतली. उतरून पुढच्या टायरवर तळहात ठेवला, बाहेरच्या कडेला, मध्ये, आतल्या कडेला, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा पूर्वी तिनं कधी न पाहिलेला होता. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना कळलं होतं. पोरगी डोळे मिटून गाडी ऐकते. डोळे उघडे असले की माणूस रस्ता बघतो, ही गाडीच बघते. आमच्याकडे काटा आहे, बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि ते इतक्या अभिमानानं सांगायचे की एकदोनदा तोंड उघडूनही तिनं ते परत मिटलं. घाबरणाऱ्या मुलांना शेजारच्या काकूंकडे ठेवतात. तेवढं गणित तिला तेव्हाही येत होतं.

आता गाडी विकायची होती. बाबांची स्वतःची, राखी रंगाची, गिऱ्हाइकांच्या गाड्यांमधून वेळ उरेल तशी कित्येक वर्षं जमवत आणलेली. दादा विमानानं आला होता आणि विमानानंच परतणार होता, आणि दोन्हींच्या मध्ये त्याला सगळं मार्गी लावायचं होतं. तो वाईट वागत नव्हता. तो कपाटं रिकामी करत होता, बँकेत जात होता, आणि रात्री जेवताना मध्येच थांबून ताटाकडे बघत बसत होता. गाडीसाठी एक दातांचे डॉक्टर तयार होते, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी एका संध्याकाळी गाडी फिरवून आणली आणि दारातच उभे राहून, कुणाच्या घरात दुःख असताना बोलतात तशा उतरत्या आवाजात सांगितलं की बाकी गाडी फारच सुरेख, पण एक शंका आहे. उजवीकडे वळताना चिकटून जाते. डावीकडे मात्र नाक ऐकत नाही. बाहेर बाहेर जातं. कसं सांगू, हलणाऱ्या दातासारखं वाटतं, म्हटलं तर काही नाही, पण जीभ तिथंच जाते. तुमच्या वडिलांच्या हातची गाडी, म्हणून विचारलं.

ती आत भांडी पुसत होती. हातातली बशी तिनं ठेवली नाही, धरून राहिली. दादानं फोरमनकाकांना फोन लावला, आणि फोरमनकाकांचा फोनमधला आवाज नेहमीच मोठा, तो तिच्यापर्यंत पोहोचला. काय सांगू आता, शेवटी शेवटी मालकांचा हात, ते म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडलं. दादा म्हणाला, ठीक आहे, उद्या सगळं काढून मूळ सेटिंगला आणून टाका, बंद करू विषय. बशी कोरडी होऊन कधीच चकचकीत झाली होती. शेवटी शेवटी मालकांचा हात. आधी काही तरी दिसतं. दोन वाक्यं दोन वेगळ्या माणसांची, वेगळ्या दिवशीची, आणि ती येऊन एकमेकांत बसली, पान्यात नट बसावा तशी. ती बाबांबरोबर एका घरात राहत होती. रोज समोर बसून चहा पीत होती. त्यांच्या गाड्यांच्या पोटातलं तिला कळायचं आणि त्यांच्या डोक्यातली शीर गळत होती ते कळलं नाही. शेवटची सेटिंग चुकलेली असली, तर त्या दिवशी सकाळी दारात एका बुटावर उभा असलेला माणूस आधीच थोडा गेलेला होता, आणि ती लोणी लावत होती.

रात्रभर ती पुरावे गोळा करत राहिली. गेल्या महिन्यात त्यांनी चहात दोनदा साखर घातली होती. पण साखर त्यांना आवडायचीच. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधला होता, पण तो तर दादाच्या लग्नातही शोधला होता. एकदा बोलता बोलता एका बोल्टाचं नाव आठवेना, तेव्हा ते चुटक्या वाजवत राहिले, आणि ती हसली. हसली होती. एक बूट घालून दारात उभं राहणं. ती सवय होती की तोल सांभाळत होते? भिंतीला हात होता का? ती भिंत आठवू लागली, भिंतीवरचा डाग आठवला, हात आठवेना. पहाटे पहाटे तिला वाटलं की आपण माणूस आठवत नाही आहोत, प्रूफ तपासतो आहोत, आणि एकदा चुका शोधायला बसलं की स्वच्छ पानही संशयानं भरून जातं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं. पण थांबता येईना. उजाडलं तशी ती उठली, दादाच्या उशाची किल्ली घेतली आणि खाली उतरली.

गाडी तिनं फारशी चालवलेली नव्हती. बाबांनी शिकवलं होतं, चांगलं शिकवलं होतं, पण त्या गाडीत ती डाव्या दारानंच चढायची. आता उजव्या दारानं बसताना परक्याच्या घरात त्याच्या खुर्चीवर बसावं तसं तिला झालं. सीट पुढेमागे करावी लागली नाही. बाबा उंचीला तिच्याएवढेच, अंगानं अँटेनासारखे, आणि तिला एकदम आठवलं की वजनालाही ते एकसष्टच होते. दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं तिनं पाहिलं होतं. शहर अजून जागं होत होतं. सिग्नल नुसते लुकलुकत होते, एक माणूस दुकानापुढचा फुटपाथ धूत होता आणि त्यानं गाडी जाईस्तोवर पाइप बाजूला धरला. रस्त्यातली प्रत्येक फट स्टिअरिंगमधून हाताला कळत होती. सगळं बोलत होतं, आणि तिला वाटलं, बोलू नका, आधी मला वळणापर्यंत जाऊ द्या. टेकडीचा चढ लागला तेव्हा तळहात ओले झाले होते. ते तिनं एकेक करून गुडघ्यावर पुसले.

उजवं वळण तिनं बाबांच्या वेगानं घेतलं. गाडी आत झुकली, पकडून राहिली, सरळ मनानं गेली. हे तर बरोबर आहे, हे तर त्यांचंच आहे. मग तो आखूड सरळ तुकडा, आणि डावं. तिनं स्टिअरिंग वळवलं आणि नाक ऐकेना. क्षणभरच. पण त्या क्षणात पुढची चाकं रस्त्यावरून घसरत बाहेर निघाली, कठड्याचे पांढरे दगड खिडकीकडे सरकत आले, आणि तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या. ती ओरडली नाही. पाय सैल सोडला, हात धरून ठेवले, बाबांनी शिकवलं होतं तेवढंच केलं, आणि गाडी खडीवर एक चाक घालून उभी राहिली. इंजिन चालू होतं. बाहेर एक पक्षी तोच तोच सूर लावून बसला होता. खूप वेळानं ती उतरली आणि उजव्या पुढच्या टायरवर तळहात ठेवला. बाहेरची कड पोळत होती. मधला भाग गरम. आतली कड कोमट. पुढचं पळतंय, ती मनात म्हणाली, आणि पाणीसाठ्यावरून वारा आला तेव्हा तिला जाणवलं की आपण टायरला धरून उकिडवे बसलो आहोत, आणि उठायचं कशासाठी ते आठवत नाही. म्हणजे चुकलं होतं. म्हणजे ते आधीच जात होते. सगळ्यांना दिसलं. दातांच्या डॉक्टरांना दिसलं, फोरमनकाकांना दिसलं. काट्याला दिसलं नाही.

वर्कशॉपचं शटर फोरमनकाका अर्धं वर करत होते. ती आत गाडी घेऊन आली तेव्हा त्यांनी खडीनं पांढरा झालेला टायर पाहिला आणि मग तिच्याकडे पाहिलं. बाबांपेक्षा लहान, पोटानं मोठा, हळवा माणूस. त्या दिवसापासून तो बुटका स्टूल त्यांनी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. काढून टाका काका, ती म्हणाली, दादा म्हणतो तसं. आपला आवाज इतका नेहमीसारखा कसा, याचं तिला नवल वाटलं. फोरमनकाकांनी मान हलवली. सुटल्यासारखं झालं त्यांना, आणि सुटलेला माणूस बोलतो तसे ते बोलत सुटले. तुमच्यापाशी बोलायला जीभ रेटत नव्हती ताई, पण मला त्याच दिवशी समजलं होतं. गाडी काट्यांवर तशीच उभी होती. मी आपलं मन गुंतवायला आवरायला घेतलं, तर बघतो काय, मालकांनी गोण्या दोन्ही सीटवर ठेवलेल्या. आता तुम्हीच सांगा, इतकी वर्षं झाली, शेजारच्या सीटवर गोणी कधी ठेवलीय का आपण? गिऱ्हाईक एकटंच चालवतं. मालक स्वतः दुसऱ्यांना ओरडायचे. एका माणसाच्या गाडीला दोन माणसांची सेटिंग केली की ती एकट्याला तिरकी होणारच, रिकामी बाजू वर उचलली जाते, चाकांचा कल फिरतो, एकीकडे धरते, दुसरीकडे सोडते. हे मालकांना मी सांगायचं? तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं. म्हटलं, गोंधळ झाला होता त्यांचा.

ती खांबाला टेकून उभी होती. दोन्ही सीटवर, तिनं विचारलं. हो, फोरमनकाका म्हणाले. शेजारची गोणी कुठाय? ती बघा की, त्या कोपऱ्यात, मी काही हलवली नाही, बाकीच्या गोण्या जुन्या, ही त्यांनी त्याच सकाळी भरलेली दिसतेय, दोरासुद्धा नवा आहे. ती गोणीपाशी गेली. जाड पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली, टाके सारखे, एकही सुटलेला नाही. ती उचलायला जड होती, म्हणून फोरमनकाकांनी एक टोक धरलं, आणि दोघांनी मिळून ती एका वजनकाट्यावर टेकवली. आकडे जरा वरखाली झाले, थरथरले, स्थिर झाले. पंचावन्न.

ती आधी हसली. फोरमनकाका घाबरून तिच्याकडे बघायला लागले, म्हणून तिनं तोंडावर हात धरला, तरी ते बोटांतून बाहेर येत राहिलं. सहा किलो. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं. ज्या माणसाला गाडीची एक बाजू बोटभर बसली तरी दारातून कळायचं, त्याला ते सहा किलो दिसले नव्हते? बरं, पंचावन्न, म्हणाले होते. आणि मग इथं येऊन, तिच्या शब्दाला मान देऊन, तेवढीच वाळू मोजून भरली आणि गोणी शिवली. संध्याकाळी तिला शेजारी बसवून जोडवळणावर विचारणार होते, काय वाटलं, आणि तिनं, डावीकडे थोडं जड वाटतंय, असं सांगितल्यावर स्टिअरिंगवर बोटं वाजवत, अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणणार होते की गाडी तर बरोबर आहे, मग चुकलं कोण. हसू संपलं तेव्हा कोपरं कामाच्या टेबलावर टेकवून ती वाकून उभी होती. गोंधळ झाला नव्हता. तो माणूस दारात एका बुटावर उभा होता तेव्हा पुरा होता, शेवटचा टाका मारेपर्यंत पुरा होता. रोज सकाळी एकट्यानं वर्कशॉपला येताना डावीकडे नाक ऐकणार नाही, हे त्यांना ठाऊक असणारच. तेवढं ते चालवून घेणार होते. त्यांनी गाडी संध्याकाळच्या फेरीसाठी लावली होती.

फोरमनकाका, मला गाडी अजून एकदा हवी आहे, ती म्हणाली. गोणीसकट. त्यांना समजलं की नाही कुणास ठाऊक, पण त्यांनी गोणी उचलली, पोटावर पेलत नेली आणि शेजारच्या सीटवर अलगद ठेवली, टेकून, झोपलेल्या माणसाला ठेवावं तशी. मी बसू का शेजारी त्याऐवजी, ते म्हणाले, वाळूपेक्षा बरा. तुम्ही बसलात तर गाडी एकाच जागी गोल गोल फिरेल, ती म्हणाली. तेव्हा ते हसले, डोळे पुसून हसले, आणि स्टूल कोपऱ्यातून काढून त्यांनी पुन्हा खांबापाशी नेऊन ठेवला. ती बाहेर पडता पडता थांबली. दातांच्या डॉक्टरांना सांगा की गाडीत दोष नाही. ती दोघांसाठी लावलेली आहे. उद्या त्यांच्यासाठी लावून द्या. आणि वजन खरं सांगायला सांगा त्यांना.

रस्त्याला लागल्यावर गाडी टुणटुण वाजायला लागली. तिला कळेना काय बिघडलं, मग लक्षात आलं. शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलं आहे आणि त्यानं पट्टा लावलेला नाही. तिनं कडेला थांबून गोणीभोवती पट्टा ओढला. तो बसेना, वाळू मध्येच फुगली होती, ती दाबावी लागली. दादाचा फोन आला. कुठे आहेस, त्यानं विचारलं. येते, एक फेरी मारून, ती म्हणाली. लहानपणी या फेऱ्यांना त्याला कुणी नेलं नव्हतं, हे तिला इतक्या वर्षांत आत्ता सुचलं. सावकाश ये, तो म्हणाला. टेकडीचा चढ, तोच पक्षी. खडीवर सकाळचा तिच्या चाकाचा ओरखडा. भीती गेली नव्हती, ती कशाला जाईल. शेजारच्या बाजूनं गाडी आता बसलेली होती, रुळलेली. इतका वेळ कुणी तरी श्वास रोखून धरला होता आणि आता सोडला होता, तशी. उजवं वळण आलं. तिनं बाबांच्या वेगानं घेतलं. गाडी आत झुकली, धरून राहिली. आखूड सरळ तुकडा. पट्टा करकरला. कठड्याचे पांढरे दगड. तिनं स्टिअरिंग डावीकडे वळवलं, पापण्या थरथरल्या, आणि तिनं त्या उघड्या ठेवल्या.

नाक वळलं. वाट बघायला न लावता, हातातून निघालेलं चाकापर्यंत पोहोचावं तितकं सरळ, उजवीकडे जसं तसंच डावीकडे, चारही तळहात टेकून. दगड होते तिथंच राहिले आणि मागे गेले. खाली पाण्याचा सगळा पसारा एकदम दिसला. इतक्या वर्षांत या वळणावरून पाणी दिसतं हे तिला माहीत नव्हतं.

आणि मग ती जागा आली, रस्ता जिथं सरळ होतो आणि बाबा तो प्रश्न विचारायचे. तिनं वेग कमी केला. शेजारी गोणी पट्ट्यात नीट बसलेली होती, नव्या दोऱ्याचे टाके उन्हात पांढरे दिसत होते. गाडीत कुणी काही विचारलं नाही. इंजिनाचा एकसारखा आवाज, काचेवरून जाणारा वारा, आणि इतकी वर्षं दर वेळी तिनं जिथं गाडीबद्दल सांगितलं होतं ती तेवढी शांतता.

"भीती वाटायची," ती म्हणाली. आवाज फुटला, म्हणून तिनं तो पुन्हा लावला, मोठ्यानं, समोर रस्त्याकडे बघत. "बाबा, मी गाडी ऐकायला डोळे मिटत नव्हते. भीतीनं मिटायचे. दर वळणाला. पण उतरावंसं कधीच वाटलं नाही."